मधुमेहविषयक लेखनातील ‘ठसा’ : एका रूपकाची चिकित्सा

शास्त्रीय विवेचनात रूपक प्रथम सोयीसाठी येते. पुढे ते प्रमेयाची जागा केव्हा घेते, हे ध्यानातही येत नाही. मधुमेहाच्या आनुवंशिकतेविषयीचे लेखन हे याचे ठळक उदाहरण होय. १९६२ साली जेम्स नील यांनी ‘काटकसरी’ जनुकाची कल्पना मांडली. दुष्काळात तारणारी शरीराची काटकसर सुबत्तेत घातक ठरते, असा तिचा आशय. १९९२ साली हेल्स व बार्कर यांनी विशेषण तेच ठेवून विशेष्य बदलले. त्यांच्या मते ही काटकसर वंशपरंपरागत नसून गर्भावस्थेतील कुपोषणाने शरीरास लागलेले वळण होय. विशेषणाच्या या स्थलांतराबरोबर रोगाचे मूळ पूर्वजांकडून आईच्या उदराकडे सरकले.

हे वळण टिकते कसे, या प्रश्नाचे उत्तर अधिजनुकीय संशोधन देऊ पाहते. जनुकातील घटकांचा क्रम कायम राहून त्यांवर मेथिल गट जडतात वा गळतात, आणि जनुकाच्या कार्यात फरक पडू शकतो. यालाच ‘ठसा’ म्हणण्याचा प्रघात आहे. पोथीचा दृष्टान्तही दिला जातो : अक्षरे तीच, काही पाने मात्र मिटलेली. दृष्टान्त सुबोध खरा. परंतु पोथीचा वाचक पोथीबाहेर असतो, पेशीतील वाचक त्याच पोथीतून घडलेला असतो. शिवाय ठसा म्हटला की तो आधी उमटला व रोग मागून आला, हा कालक्रम शब्दाबरोबरच गृहीत धरला जातो. वस्तुतः रक्तातील वाढलेली साखरही मेथिल गटांच्या मांडणीत फेरफार घडवू शकते.

१९४४-४५ च्या हिवाळ्यातील हॉलंडच्या दुष्काळाचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. त्या काळी गर्भात असलेल्यांपैकी ज्यांच्या गर्भावस्थेचा मध्य वा शेवट दुष्काळात गेला, त्यांच्यात ग्लुकोज पचविण्याची शक्ती विशेष उणावलेली आढळली (१९९८). उलट, आयजीएफ-२ या जनुकावरील मेथिल गटांची घट आढळली ती गर्भधारणेच्या सुमारास उपासमार झालेल्यांत (२००८). गर्भावस्थेच्या अखेरीस ती सोसलेल्यांत ती नव्हती. ही दोन निरीक्षणे एका वाक्यात ओवली की कार्यकारणभाव सिद्ध झाल्याचा भास होतो. तो व्याकरणाचा प्रताप आहे, पुराव्याचा नव्हे.

याचा अर्थ संशोधन पोकळ आहे असा नव्हे. लंडनमधील भारतीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासात (२०१५) पाच जनुकस्थानांवरील मेथिल गटांच्या प्रमाणाचा संबंध पुढे होणाऱ्या मधुमेहाशी आढळला. तथापि पूर्वसूचना म्हणजे कारण नव्हे. आभाळ भरून आल्याचे मोर सांगतो, भरून आणीत नाही.

ही चिकित्सा केवळ शब्दच्छल ठरू नये, याचे कारण पुण्याजवळील खेड्यांत सापडते. तेथे डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की गर्भवतीच्या रक्तात फोलेट अधिक व बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर तिच्या मुलात सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक असतो. ही दोन्ही द्रव्ये मेथिल गटांच्या पुरवठ्याशी निगडित असल्याने अधिजनुकीय दुवा संभवनीय वाटतो. पण ‘आईने उमटवलेला ठसा’ असे लिहिले, की व्याकरणातील कर्ता व्यवहारात अपराधी ठरतो. तिच्या ताटात काय पडावे हे कोण ठरवितो, हा प्रश्न वाक्याबाहेरच राहतो.

म्हणून ‘ठसा’ऐवजी ‘खूण’ हा शब्द अधिक प्रामाणिक होय. खूण आहे एवढेच तो सांगतो. ती कोणी व केव्हा केली, याचा शोध मोकळा ठेवतो.