दहा गवंड्यांचे गणित आणि ‘परम’

समांतर प्रक्रिया शिकवताना काळ-काम-वेगाचे गणित हमखास मदतीला येते. एक गवंडी भिंत दहा दिवसांत बांधतो, तर दहा गवंडी एका दिवसात! पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार केला. त्यात ६४ ट्रान्सप्युटर, म्हणजे वेग चौसष्टपट, असे विद्यार्थी मग सहज धरून चालतो. ‘परम’चा अभिमान रास्तच आहे, दृष्टांत मात्र आम्हांला सदोष वाटतो.

त्याऐवजी अश्विनी पौर्णिमेचे तुळजापूर घ्यावे. कल्लोळ तीर्थावर अनेकजण एकाच वेळी हातपाय धुतील, रांगा चाराच्या आठ करता येतील. पण गाभारा एकच. समजा, १०० मिनिटांच्या कामातील १० मिनिटे अशी न विभागता येणारी आहेत. उरलेली ९० मिनिटे ६४ जणांत वाटली, तर प्रत्येकाला सुमारे १.४ मिनिटे लागतील. एकूण ११.४ मिनिटे, म्हणजे वेग जेमतेम पावणेनऊपट. प्रक्रियक कितीही वाढवा, दहापटीपुढे जाता येणार नाही. जीन अमडाल यांनी १९६७ मध्येच या मर्यादेकडे लक्ष वेधले होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. गवंड्यांच्या गणितात कोणी कोणाच्या कामात अडथळा आणत नाही. पण दोन कारकून एकाच देणगीवहीत जमा लिहीत असतील तर? शिल्लक ५०० दोघांनीही वाचली. एकाने ५० मिळवून ५५० लिहिले; दुसऱ्याने मनातल्या ५०० मध्ये २० मिळवून त्यावर ५२० लिहिले. पन्नास रुपये गेले, आणि बेरीज तर कोणाचीच चुकली नाही! क्रमवार आज्ञावलीत पायऱ्यांचा क्रम ठरलेला असतो, म्हणून चूक पुन्हा पुन्हा घडवून पकडता येते. येथे कोण आधी पोहोचेल यावर उत्तर अवलंबून. चूक आज दिसते, उद्या दिसत नाही. वही एका वेळी एकाच्याच हाती द्यावी, तर पुन्हा गाभाऱ्याची रांग.

ट्रान्सप्युटरांना प्रत्येकी स्वतःची स्मृती होती, ते एकमेकांना निरोप पाठवीत. सामाईक वहीच नव्हती. पण दोघेही आधी समोरच्याच्या निरोपाची वाट पाहू लागले, तर दोघेही बसूनच राहतात.

वहीचा प्रयोग वर्गात करायला संगणक लागत नाही. फळ्यावर ५०० लिहून दोन मुलांना वरीलप्रमाणे एकदमच वाचायला सांगावे, आणि कोणी आधी लिहायचे हे मात्र सांगू नये.