‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि टाळलेला शब्द

महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’वर (१८७३) लिहिणारे बहुधा धोंडिबा-जोतीराव संवादाकडे आणि अवतारकथांच्या उलट्या वाचनाकडे वळतात. अर्पणपत्रिका एका वाक्यात आटोपते. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील भल्या लोकांना पुस्तक अर्पण केले आहे आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी आशा धरली आहे, एवढे सांगून आपण पुढे जातो. ही घाई मला मान्य नाही.

ही अर्पणपत्रिका अमेरिकेच्या राज्यघटनेशेजारी ठेवून वाचावी. फिलाडेल्फियात १७८७ साली तयार झालेली ती घटना ‘आम्ही लोक’ म्हणून सुरू होते. पुढे प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब येतो. गुलामांना मत नव्हते. त्यांच्या संख्येवर मालकांच्या राज्यांचे बळ वाढले. गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करता येणार नव्हती, आणि पळालेला माणूस परत द्यावा लागे. या तिन्ही ठिकाणी ‘गुलाम’ हा शब्द मात्र नाही. आहेत त्या ‘इतर व्यक्ती’, ‘अशा व्यक्ती’, ‘श्रमास बांधलेली व्यक्ती’. गुलामगिरी हा शब्द घटनेत आला तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने, ती प्रथा संपवताना. त्यानंतर आठ वर्षांनी जोतीरावांनी तोच शब्द मुखपृष्ठावर घातला. अर्पणही केले ते माणसांना, घटनेला नव्हे. कायद्याचा कागद माणसांच्या रेट्याने बदलतो, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांच्या आशेची मर्यादाही सांगायला हवी. तेराव्या दुरुस्तीने शिक्षा म्हणून करवून घेतलेली सक्तमजुरी वगळली होती, आणि १८७७ नंतर दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे हक्क एकेक करून हिरावले गेले. शब्द लिहिल्याने काम संपत नाही.

मी हे जळकोटात बसून लिहितो आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचे गाव निजामाच्या राज्यात होते. २६ जानेवारी १९५० पासून भारताची राज्यघटना इथेही लागू झाली. तिच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली. मूळ इंग्रजी मजकुरात त्यासाठी ‘बेगार’ हा आपल्याकडचाच शब्द ठेवला आहे. फिलाडेल्फियाने जे टाळले, ते दिल्लीने नाव घेऊन लिहिले. म्हणूनच १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करवून घेतलेले कामही याच अनुच्छेदात बसवता आले.

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोड कामगार उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. उचल म्हणजे गुलामगिरी नव्हे. तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण मुकादमाच्या वहीत नवरा-बायको दोघे मिळून एक ‘कोयता’ धरले जातात, आणि बाईची मजुरी त्या एका शब्दात दिसेनाशी होते. पाचांचे तीन करणारी भाषा मला इथे ओळखीची वाटते.

जोतीरावांची अर्पणपत्रिका म्हणूनच कृतज्ञतेपाशी थांबवता येत नाही. आपल्या भाषेत कोणता शब्द आपण टाळतो आहोत, हा तिचा प्रश्न आजही शिल्लक आहे.