पुश-पुलच्या तक्त्यात कुटुंब कुठे असतं? ली यांचा लेख, आणि टोकावड्याचा रस्ता

गेल्या काही वर्षांत एक विषय संशोधन आराखड्यांमध्ये वारंवार दिसू लागलाय : शहर सोडून लहान गावात राहायला जाणारी, तिथेच मुलं वाढवायचं ठरवणारी कुटुंबं. विषय चांगला आहे. अडचण दुसऱ्या प्रकरणात येते. तिथे हमखास एक तक्ता असतो. डावीकडे शहरातून ढकलणारे घटक : गर्दी, लोकलचा प्रवास, घरांच्या किमती, प्रदूषण. उजवीकडे गावाकडे ओढणारे घटक : मोकळी हवा, स्वस्त जमीन, शांतता, मुलांना निसर्ग. खाली कंसात ‘ली, १९६६’. झाला सैद्धांतिक आधार!

आजची पोस्ट या तक्त्याविरुद्ध आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर माझं म्हणणं एवढंच : हा तक्ता तुमचा विषय सुरू होण्याआधीच संपवून टाकतो. आणि गंमत म्हणजे ज्यांच्या नावावर तो खपवला जातो, त्या एव्हरेट ली यांनी त्याहून बरंच जास्त लिहून ठेवलंय.

ली नेमकं काय म्हणतात

‘अ थिअरी ऑफ मायग्रेशन’ हा लेख ‘डेमोग्राफी’ या नियतकालिकात १९६६ साली आला. लांबीला लहान आहे, दोन बैठकांत वाचून होतो. ली स्थलांतराच्या निर्णयाचे चार भाग पाडतात : मूळ ठिकाणचे घटक, नव्या ठिकाणचे घटक, मधले अडथळे आणि व्यक्तिगत घटक. आपल्या तक्त्यात पहिले दोनच येतात. उरलेले दोन कुठे गेले, हा पहिला प्रश्न.

दुसरं, ली यांच्या आकृतीत प्रत्येक ठिकाणी अधिक, उणे आणि शून्य अशी तीन चिन्हं आहेत. एकच गोष्ट एकाला अधिक वाटते, दुसऱ्याला उणे, तर तिसऱ्याच्या लेखी तिला काहीच किंमत नसते. यासाठी त्यांनी दिलेलं उदाहरण नेमकं शाळेचं आहे. चांगल्या शाळा म्हणजे लहान मुलांच्या आईबापांसाठी अधिक. मूल नसलेल्या घरमालकासाठी उणे, कारण त्या शाळांपायी घरावरचा कर वाढतो. आणि ज्याचं लग्न नाही, घरदार नाही, त्याच्यासाठी शून्य. म्हणजे ‘चांगली शाळा’ हा घटक आपोआप ‘ओढणारा’ ठरत नाही. कोणाला ओढणारा, हे विचारावं लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ली सरळ मान्य करतात की स्थलांतर करणाऱ्या प्रत्येकाने तो निर्णय घेतलेला नसतो. मुलांना आईवडील बरोबर नेतात, त्यांची इच्छा असो वा नसो. बायका नवऱ्याबरोबर जातात, मग जिव्हाळ्याची जागा सुटली तरी. हे सगळं त्या लेखात आहे. आपण ते वगळतो, कारण ते तक्त्याच्या दोन रकान्यांत बसत नाही.

मराठीतल्या ओळखीच्या गोष्टींवर लावून बघू

या विषयावर काम करताना तुम्ही मराठीतली काही उदाहरणं घेणारच. दापोली तालुक्यात कुडावळ्याला जाऊन साधी, पर्यावरणस्नेही जीवनशैली स्वीकारणारे दिलीप आणि पौर्णिमा कुलकर्णी. मेळघाटात बैरागडला दवाखाना चालवणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे. आणि अर्थातच हेमलकसा.

हेमलकशाचं उदाहरण ली यांच्या लेखाशेजारी ठेवून वाचा. लोकबिरादरी प्रकल्प डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. त्यांचं जाणं हा दोन सज्ञान, शिकलेल्या माणसांचा निर्णय होता. पण त्याआधी वीसेक वर्षं मागे जा. बाबा आमटे आणि साधनाताई वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभारायला गेले, तेव्हा विकास आणि प्रकाश ही त्यांची लहान मुलं बरोबर होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, विचारण्याचं त्यांचं वयही नव्हतं. म्हणजे प्रकाश आमटे एकाच आयुष्यात ‘नेलं गेलेलं मूल’ही आहेत आणि ‘निर्णय घेणारा स्थलांतरित’ही. पहिल्या अनुभवाचा दुसऱ्या निर्णयावर काय परिणाम झाला? हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. ‘ओढणारे घटक : समाजसेवेची ओढ’ असं लिहिलंत की तो मेलाच.

‘प्रकाशवाटा’ वाचणार असाल तर साधनाताईंचं ‘समिधा’ही वाचा. एकाच घरातलं स्थलांतर वेगवेगळ्या जागेवरून कसं दिसतं, हे त्याशिवाय कळणार नाही.

बैरागडची एक घटना मुलाखतींमधून आणि वर्तमानपत्रांतून अनेकदा सांगितली गेली आहे. कोल्हे दांपत्याचं नवजात बाळ गंभीर आजारी पडलं. नातेवाइकांचा सल्ला अकोल्याला न्यायचा होता. गावातल्या इतर बाळांवर जसे उपचार होतात तसेच इथेच करायचे, असं स्मिताताईंनी ठरवलं. बाळ वाचलं आणि गावाचा विश्वास बसला. ही गोष्ट बहुतेक वेळा त्यागाची म्हणून सांगितली जाते, आणि त्या धैर्याबद्दल आदर वाटायलाच हवा. पण संशोधक म्हणून तुम्हाला आणखी दोन गोष्टी विचाराव्या लागतील. एक, गावात स्वीकारलं जाण्यासाठी बाहेरून आलेल्या आईला एवढी किंमत पणाला का लावावी लागते? दोन, शहरात नेण्याचा पर्यायच नसलेल्या त्याच गावातल्या आयांच्या गोष्टी कुठल्या मुलाखतीत आल्या?

आणखी एक सावधगिरी. या सगळ्या टिकून राहिलेल्यांच्या गोष्टी आहेत. तीन वर्षं राहून, मुलाच्या पाचवीच्या प्रवेशाला परत फिरलेल्या कुटुंबावर पुस्तक निघत नाही. ली यांनी प्रत्येक मोठ्या प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, असं म्हटलंय. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, रॅव्हनस्टाइन यांनी ते मांडलं होतं. मग गावाकडे येणाऱ्या या छोट्या प्रवाहाचाही उलटा प्रवाह असणार. तुमच्या नमुन्यात परत गेलेलं एकही कुटुंब नसेल, तर तुम्ही गावात येण्याचा नाही, यशाचा अभ्यास करताय.

आता टोकावड्याच्या रस्त्यावर या

वरची उदाहरणं असामान्य माणसांची आहेत. साध्या कुटुंबाचं काय? त्यासाठी मुरबाड तालुक्यातलं टोकावडे घेऊ. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. आजूबाजूला ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजाच्या वाड्या-पाडे. पावसाळ्यात याच रस्त्याने शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्याच काही घरांत ‘इकडेच राहायला आलो तर?’ ही चर्चा सुरू होते. समजा, कल्याणचं असं एक कुटुंब खरंच राहायला आलं.

दिवाळीनंतर याच रस्त्याने दुसरीही कुटुंबं निघतात, उलट दिशेने. वीटभट्टीवर. उचल आधीच घेतलेली असते. भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर नवरा-बायको दोघं काम करतात. पोरंही बरोबर, कारण त्यांना मागे सांभाळणार कोण? पावसाच्या तोंडावर ती परत येतात.

दोन्ही कुटुंबं आहेत, दोन्हींनी मुलांसकट जागा बदलली. पण पहिल्याला आपण ‘जीवनशैलीचा निर्णय’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘हंगामी स्थलांतर’. पहिल्याची मुलाखत होते, दुसऱ्याची आकडेवारी. मायकेला बेन्सन आणि कॅरन ओरायली यांनी २००९ मध्ये ‘लाइफस्टाइल मायग्रेशन’ ही संकल्पना मांडली. चांगल्या आयुष्याच्या शोधात जागा बदलणाऱ्या, तुलनेने सुस्थितीतल्या लोकांसाठी ती आहे. ती उचलून जशीच्या तशी टोकावड्याला लावलीत, तर भट्टीवर जाणारं कुटुंब तुमच्या चौकटीतून आपोआप बाहेर पडेल. चांगल्या आयुष्याचा शोध त्यांना नाही, असं तर तुम्हाला म्हणायचं नाही ना?

हे दोन प्रवाह एकमेकांना भेटतात ते शाळेत. म्हणून शाळेकडे नीट बघा. जिल्हा परिषदेच्या लहान शाळेला पट टिकवणं ही कायमची चिंता असते. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचा विचार पुढे आला, तेव्हा ही चिंता आणखी वाढली. भट्टीवर गेलेली मुलं हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी पत्रक अशा योजना आहेत. कल्याणहून आलेल्या कुटुंबाने आपली दोन मुलं याच शाळेत घातली, तर पटावर दोन नावं वाढतात आणि शाळेत येऊन चार प्रश्न विचारणारे पालक मिळतात. तीच मुलं व्हॅनने मुरबाडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेली, तर गाव त्यांना फक्त हवेसाठी हवंय, असा अर्थ गाव काढणारच. ली यांची तीन चिन्हं इथे पुन्हा मांडून बघा. नव्या आईसाठी ही शाळा अधिक की उणे? भट्टीवर जाणाऱ्या बापासाठी? गुरुजींसाठी? एका शाळेपुढे तीन माणसांची तीन चिन्हं आली, तर तिला तक्त्याच्या उजव्या रकान्यात टाकून चालणार नाही.

ली कुठे कमी पडतात

मूळ लेख वाचा म्हणतोय म्हणून तो डोक्यावर घ्या, असं नाही. दोन ठिकाणी मला तो तोकडा वाटतो.

पहिलं, कुटुंबातल्या काहींनी निर्णय घेतलेला नसतो एवढं नोंदवून ली पुढे निघून जातात. घरात निर्णय कसा होतो, कोण बोलतं, कोण गप्प बसतं, यावर त्यांचा सिद्धांत उभा नाही. तो शेवटी एका निर्णय घेणाऱ्या माणसाचाच सिद्धांत राहतो.

दुसरं, ‘मधले अडथळे’ हे त्यांनी येणाऱ्याच्या बाजूने पाहिलेत. महाराष्ट्राच्या कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. कल्याणच्या कुटुंबासाठी हे अडथळे आहेत. पाड्यावरच्या कुटुंबासाठी तेच कुंपण आहे. शिवाय ज्याला येणारा माणूस ‘शांत, स्थिर गाव’ समजतो, तिथले लोक स्वतः स्थिर असतीलच असं नाही. याच तालुक्यातल्या काळू धरणाविरुद्ध श्रमिक मुक्ती संघटना लढली आणि जंगल परवानगीच्या मुद्द्यावर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं. शेजारच्या शहापूरमधल्या तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं, तर उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात. येणारं कुटुंब रिकाम्या निसर्गात येत नाही. ते या इतिहासात येऊन राहतं.

मग आराखड्यात काय बदलाल?

१. प्रश्न बदला. ‘कुटुंबं गावाकडे का येतात?’ याऐवजी ‘येण्याचा निर्णय घरात कोणी, कसा घेतला आणि त्याचा भार कोणावर पडला?’ असं विचारा. नवरा-बायकोच्या मुलाखती वेगवेगळ्या घ्या. एकत्र घेतल्यात तर बहुतेक वेळा एकच आवाज रेकॉर्ड होईल. मोठ्या मुलांशी बोलायचं असेल तर आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता, पालकांची संमती आणि स्वतः मुलाचा होकार, तिन्ही घ्या.

२. जनगणनेचे तक्ते डोळे उघडे ठेवून वापरा. २०११ च्या जनगणनेत स्थलांतराच्या कारणांमध्ये काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर, कुटुंबासोबत आणि इतर एवढेच पर्याय आहेत. ‘कुटुंबासोबत’ या एका शब्दाखाली किती नाराजी आणि किती आनंद दडलाय, ते तक्ता सांगत नाही. शहराकडून गावाकडे आलेल्यांत निवृत्त होऊन परतलेले, शहरातून लग्न होऊन आलेल्या सुना, बदलीवर आलेले शिक्षक, सगळेच मिसळलेले असतात. शिवाय ती गणना फेब्रुवारीत झाली, ऐन भट्टीच्या हंगामात. पाड्यावरचं कुटुंब तेव्हा कुठे मोजलं गेलं, हे गृहीत धरू नका.

३. गावातली कागदपत्रं वाचायला शिका. ग्रामपंचायतीचा नमुना ८, सातबारा आणि फेरफार, शाळेचं जनरल रजिस्टर, हजेरीपट. घर कधी झालं, जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, मूल कुठल्या महिन्यात गैरहजर होतं, हे मुलाखतीत विसरलं जातं. कागदावर तारखेसकट असतं.

४. नमुन्यात तीन प्रकारची कुटुंबं घ्या : आलेली, येऊन परत गेलेली, आणि त्याच गावातून हंगामापुरती बाहेर पडणारी. संख्या कमी झाली तरी चालेल. दहा कुटुंबं अशी निवडलीत तर ती पन्नास ‘समाधानी’ कुटुंबांपेक्षा जास्त सांगतील.

व्हायव्हाला ‘सैद्धांतिक आधार कोणता?’ असं विचारलं, तर ली यांचं नाव जरूर घ्या. फक्त त्यानंतर ‘शाळेच्या उदाहरणात ते काय म्हणतात?’ हा पुढचा प्रश्न आला, तर उत्तर तयार असू द्या. लेख वाचून झाला की एकदा मुरबाडहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडा आणि दिवाळीनंतर टोकावड्याला उतरा. शाळेत जाऊन पट किती आणि हजर किती, एवढंच विचारा. तुमच्या दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात त्या दोन आकड्यांमधल्या फरकातून करता येईल.