पडद्यावरील विडंबन आणि त्याची जबाबदारी

व्यंगचित्रपट म्हणजे मुलांची करमणूक, हा समज आपल्याकडे इतका दृढ आहे की प्रौढांसाठी काढलेल्या अमेरिकन व्यंगचित्रमालिकांचा वाङ्मयीन चर्चेत नुसता उल्लेख करणेही काही रसिकांस पोरकटपणाचे वाटेल. तथापि ज्यांना आधुनिकोत्तर तंत्रे म्हणतात, ती सामान्य प्रेक्षकांच्या अंगवळणी पाडण्याचे काम कादंबरीपेक्षा या मालिकांनीच अधिक केले, असे आमचे मत आहे. ही तंत्रे केव्हा सार्थ ठरतात आणि केव्हा निव्वळ पळवाट होतात, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत.

कलाकृतीने आपल्या रचलेपणाची कबुली देणे, कथेत दुसरी कथा बसविणे, पूर्वीच्या कृतींचे विडंबन करणे ही ती तंत्रे होत. वस्तुतः यांत आपणांस अपरिचित असे फारसे नाही. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेतील सूत्रधार नटीच्या गाण्यात असा रंगून जातो की, आज प्रयोग कशाचा करावयाचा हेच त्याला आठवत नाही. वगातील सोंगाड्या तर पात्र सोडून खुशाल समोरच्या मंडळींशी बोलतो. पण तेथे हा खेळ प्रेक्षकाला नाट्यात नेऊन सोडण्यासाठी असतो. आधुनिकोत्तर लेखक मात्र त्याला उंबरठ्यावरच थांबवितो आणि नाट्याविषयीच संशय घ्यावयास लावतो. या संशयातून काय निष्पन्न होते, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. फ्रेडरिक जेमसन यांनी १९८४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, विडंबनाची धार जाऊन आता केवळ नक्कल उरली आहे, असा आक्षेप घेतला. उलट लिंडा हचन यांनी विडंबन हे आजही टीकेचे समर्थ साधन आहे, असे प्रतिपादन केले. दोन्ही पक्षांना पुरावा हवा असेल, तर तो ‘द सिम्पसन्स’ या एकाच मालिकेत मिळतो.

मॅट ग्रेनिंग यांची ही मालिका स्वतंत्र रूपाने डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली. तिच्यातील मुले ‘इची अँड स्क्रॅची’ नावाचे एक मांजर-उंदराचे हिंसक कार्टून पाहतात. म्हणजे कार्टूनमधील माणसे कार्टून पाहतात आणि आपण त्यांना पाहतो. फेब्रुवारी १९९७ मधील एका भागात या अंतर्गत कार्टूनची लोकप्रियता ओसरते, म्हणून वरिष्ठ अधिकारी त्यात पूची नावाचा एक ‘तरुण पिढीचा’ कुत्रा घुसडतात. त्याच भागात सिम्पसन कुटुंबाच्या घरातही रॉय नावाचा एक तरुण वावरू लागतो. तो कोण, कोठला, हे कोणी विचारीत नाही, आणि भाग संपताना तो निघून जातो. कुत्रा लोकांस आवडत नाही, तेव्हा त्याचे चित्र सर्वांदेखत पडद्यावरून वर सरकवले जाते आणि तो स्वग्रही परतताना वारल्याची हस्तलिखित सूचना झळकते. हा या मालिकेचा १६७ वा भाग. याच भागाने ‘द फ्लिंटस्टोन्स’चा १६६ भागांचा विक्रम मागे टाकला. अशा सोहळ्याच्या प्रसंगी, मालिका लांबली की ती कशी शिळी होते, हे लेखकांनी दाखविले. नाना हुकूम सोडणारे अधिकारी, खुसपटे काढणारा प्रेक्षक आणि कचरलेले निर्माते, कोणाचीही येथे गय केलेली नाही. विडंबनाचे शस्त्र विडंबनकारावरही चालते, म्हणून त्याची धार खरी वाटते.

राफेल बॉब-वाक्सबर्ग यांच्या ‘बोजॅक हॉर्समन’ (२०१४–२०२०) या मालिकेत हेच तंत्र शोकाच्या कामी आले आहे. नायक घोडा आहे आणि एका जुन्या कौटुंबिक विनोदमालिकेचा मावळता नट आहे. २०१८ मधील ‘फ्री चुरो’ या भागात तो आईच्या अंत्यविधीत जवळजवळ संपूर्ण वेळ एकटाच बोलतो. दुःख कसे व्यक्त करावे हे त्याला पडद्यावरूनच ठाऊक. आणि मालिकेत सुखान्त संभवत नाही, कारण पुढचा भाग काढावयाचा असतो, हेही त्याला कळून चुकले आहे. शेवटी तो भलत्याच दिवाणखान्यात, भलत्याच प्रेताशेजारी उभा असल्याचे उघड होते. हसू येते, पण त्या माणसाची पोकळी त्या हसण्याने भरत नाही.

आता दुसरी बाजू. ‘सिम्पसन्स’मध्ये १९९० पासून अपू नावाचा एक भारतीय दुकानदार आहे. नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून घेतलेले, आवाज मात्र हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. लेखकांना या पात्राविषयी ममता नव्हती असे नाही. १९९६ मधील एका भागात परदेशीयांविरुद्ध उसळलेल्या द्वेषाची त्यांनी रेवडी उडविली आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेत अमेरिकन यादवीची कारणे अपू इतकी सविस्तर सांगू लागतो की परीक्षकच त्याला थोडक्यात आटपावयास सांगतो. परंतु शाळेच्या आवारात पोहोचला तो हा विद्वान अपू नव्हे. पोहोचले ते त्याचे हेल. २०१७ मध्ये विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी आपल्या अनुबोधपटात हेच मांडले. त्या उच्चारांनी चिडविले गेल्याच्या आठवणी दक्षिण आशियाई वंशाच्या कलावंतांनी त्यात सांगितल्या आहेत. हिंदी चित्रपटातील मराठी हवालदाराच्या नि मोलकरणीच्या बोलण्यावर सभागृह खदखदते, तेव्हा बृहन्महाराष्ट्रातील मराठी प्रेक्षकाची जी चलबिचल होते, तिच्यावरून या आठवणींची कल्पना करता येईल.

एप्रिल २०१८ मध्ये मालिकेने उत्तर दिले, ते आधुनिकोत्तर तंत्रानेच. लिसा ही मुलगी थेट प्रेक्षकांकडे वळून, पूर्वी वाहवा मिळालेली गोष्ट आज अनुचित ठरली तर काय करावे, अशा आशयाचे बोलते. शेजारी अपूची तसबीर दिसते. आणि आई म्हणते की, काही गोष्टींचा विचार पुढे केव्हातरी होईल. ‘यथावकाश विचार केला जाईल’ या शेऱ्याचा अर्थ आमच्या वाचकांना सांगावयास नकोच! परंतु आमचा आक्षेप केवळ नैतिक नाही, तो कलेच्या अंगानेही आहे. प्रत्येक अन्यायाविरुद्ध प्रथम उभी राहणारी व्यक्तिरेखा म्हणून लिसा अनेक वर्षे घडविली गेली. नेमक्या तिच्याच तोंडी ही सारवासारव घातल्याने व्यक्तिरेखा मोडली आणि लेखकाचा आवाज तेवढा ऐकू आला. पूचीच्या भागात निर्मात्याने आपला हात दाखविला होता. येथे तो एका मुलीच्या आड लपला.

पुढे २०२० मध्ये अझारिया यांनी ती भूमिका सोडली आणि २०२१ मध्ये जाहीर क्षमाही मागितली. एका नटाने साध्या शब्दांत जे साधले, ते सर्व तंत्रे हाताशी असलेल्या मालिकेला साधले नाही. आपण रचलेले आहोत याची जाणीव कलाकृतीने दाखविली, एवढ्यावर तिला श्रेष्ठ मानण्याचे कारण नाही. त्या जाणिवेची झळ रचणाऱ्यालाही लागते की नाही, हे पाहावयास हवे. प्रयोग रोखून बोलावयास पुढे येणाऱ्या सूत्रधाराने त्या प्रयोगाचा जाबही दिला पाहिजे, इतकी अपेक्षा रसिकाने ठेवल्यास ती अवाजवी नव्हे.