मोर्चा न नेलेल्या माणसाचं गाणं

'संदीप खरे आवडतो का?' हा प्रश्न मी पहिल्यांदा पुण्यातल्या हॉस्टेलवर ऐकला. हा प्रश्न विचारणारा आपल्याला जोखत असतो, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आमच्या मजल्यावर दोन पक्ष होते. एका पक्षाला 'आयुष्यावर बोलू काही' तोंडपाठ होतं. सबमिशनच्या रात्री त्यांच्या खोलीतून तेच ऐकू यायचं. दुसऱ्या पक्षात तीन-चारच जण होते, पण ते जास्त वाचायचे. ग्रेस, कोलटकर, ढसाळ ही नावं त्यांच्या तोंडी असायची. त्यांच्या मते खरे म्हणजे टाळ्याखाऊ, यमकं जुळवणारा, मध्यमवर्गाला गुदगुल्या करणारा माणूस.

मी दोन्हीकडे जाऊन बसायचो. मी करावे गावचा आगरी मुलगा. घरी गाणं म्हणजे लग्नातला धवला, हळदीचा बेंजो आणि एकवीरेची गाणी. हेडफोन लावून एकट्याने ऐकायचं मराठी गाणं मला हॉस्टेलनेच दिलं. त्यामुळे खरे यांच्याबद्दल माझं मत काय, हे ठरवायला मला बरीच वर्षं लागली.

आधी त्यांनी नेमकं काय केलं ते पाहू. मराठी भावगीतात कामं वाटलेली असायची. 'शुक्रतारा' पाडगावकरांनी लिहिलं, खळ्यांनी चाल दिली, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांनी गायलं. कवी पडद्यामागे राहायचा. निवेदक त्याचं नाव घ्यायचा आणि गाणं सुरू व्हायचं. खरे यांनी हे बदललं. 'दिवस असे की' या सुरुवातीच्या अल्बमपासूनच ते स्वतःच्या शब्दांना स्वतःच चाल लावत होते. २००३ मध्ये डॉ. सलील कुलकर्णींसोबत 'आयुष्यावर बोलू काही' सुरू झालं आणि कवी रंगमंचाच्या मधोमध येऊन बसला. मोजकी वाद्यं, एक कविता, मग एक गाणं, मधे गप्पा. या साध्या बांधणीवर दोघांनी हजारांहून अधिक प्रयोग केले, महाराष्ट्रात आणि परदेशातही. 'मौनाची भाषांतरे', 'नेणिवेची अक्षरे', 'तुझ्यावरच्या कविता' हे संग्रहही आले आणि विकले गेले. मराठीत कवितेचं पुस्तक विकलं जाणं ही लहान गोष्ट नाही.

चाहते या सगळ्याला 'नवीन' म्हणतात. भावगीताच्या श्रोत्यांपुरतं ते खरंही आहे. पण आपलं लिहिलेलं आपणच गाणारा माणूस महाराष्ट्राला नवा नव्हता. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर तेच केलं. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख हे शाहीर गिरणगावात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये तेच करत होते. फरक इतकाच की त्यांच्यासमोरचा माणूस तिकीट काढून खुर्चीत बसलेला नव्हता. तो मैदानात उभा होता आणि गाणं संपल्यावर त्याला कुठेतरी जायचं असायचं, बहुतेक वेळा मोर्चालाच.

टीका करणारा पक्षही सगळं सांगत नाही. लोकांसमोर म्हटली की कविता पातळ होते, हे त्यांचं आवडतं गृहीतक. पण विंदा, बापट आणि पाडगावकर या तिघांनी गावोगाव काव्यवाचनं केली आणि त्यातल्या विंदांना पुढे ज्ञानपीठ मिळालं. नारायण सुर्वे कामगारांपुढे कविता वाचायचे आणि त्यांची कविता काही मऊ पडली नाही. आमच्या हॉस्टेलच्या वाचक मंडळींचं दैवत असलेल्या अरुण कोलटकरांनी स्वतः सत्तरच्या दशकात गाणी लिहिली होती, ती ध्वनिमुद्रित करून पाहिली होती आणि पखवाजही शिकले होते. २०१६ मध्ये बॉब डिलनला नोबेल मिळालं तेव्हा हाच वाद जगभर झाला. म्हणजे गाणं आणि कविता यांच्यात भिंत आहे म्हणून खरे हलके, हा युक्तिवाद टिकत नाही. हरकत घ्यायची तर गाण्याच्या आत शिरून घ्यावी लागेल.

म्हणून एकच गाणं घेतो, 'मी मोर्चा नेला नाही'. माझ्या मते ही त्यांची सर्वांत महत्त्वाची रचना आहे आणि तिचंच सर्वांत जास्त नुकसान झालं आहे. यातला 'मी' आयुष्यभर न केलेल्या गोष्टींची यादी देतो. संप नाही, साधा निषेधसुद्धा नाही. आजूबाजूला लोक चिडतात, लढतात, रक्तबंबाळ होतात आणि हा रस्त्याच्या कडेला दगडासारखा थिजून राहतो. पुढची कल्पना भयंकर आहे. या दगडाला फेकून मारण्यासाठीसुद्धा कुणी उचलत नाही. स्वतःच्या निरुपयोगीपणाची इतकी नेमकी प्रतिमा मराठी गाण्यात क्वचितच सापडेल. त्याच गाण्यात हा माणूस असंही म्हणतो की फळाचा जन्म मिळाला असता तर आपण केळं झालो असतो आणि भाजीचा मिळाला असता तर भेंडी.

मी हा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिला तेव्हा केळ्याला आणि भेंडीला हशा आला. दगडाच्या ओळीवर काही झालं नाही. ती ऐकून सभागृह पुढे गेलं. शेवटी कडकडून टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचे काका आनंदाने बायकोला म्हणाले, "अगदी माझंच आहे हे!" ते खरंच बोलत होते. पण आपल्यावर आरोप ठेवला गेलाय आणि आपण त्याला टाळ्या दिल्या, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही आलं नाही. मीही वाजवल्या.

पुढच्या सुट्टीत हे गाणं घरी मोबाईलवर लागलं होतं. आजा ओटीवर बसला होता. त्याने लक्ष देऊन सगळं ऐकलं. मग विचारलं, "मोर्चाला गेला नाय, ना त्याचा गाना करतंय?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखर कळलं नव्हतं की न जाण्यावर गाणं का करायचं.

नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या त्यात करावे आहे. १९७० मध्ये सिडको आली. भातशेती आणि मिठागरं गेली, मोबदला तुटपुंजा मिळाला. दि. बा. पाटलांच्या मागे गावंच्या गावं उभी राहिली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणजवळ जासईच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आजा त्या आंदोलनात होता. तो त्याबद्दल फार बोलत नाही. पण साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर आमची इमारत उभी राहिली, तिच्या भाड्यातून माझी फी भरली गेली. मोर्चा न नेणाऱ्याचं गाणं मी हॉस्टेलवर ऐकू शकलो ते कुणीतरी मोर्चा नेला होता म्हणून.

इथे मला पहिल्यांदा वाटलं की टीका करणाऱ्यांचं बरोबर आहे. 'आयुष्यावर बोलू काही' म्हणताना कुणाचं आयुष्य? या गाण्यांमधला पाऊस खिडकीतून दिसतो, शेतात पडत नाही. ऑफिस, लोकल, हळवं प्रेम, परदेशी गेलेला बाबा. या जगात माझा आजा कुठेच नाही. प्रत्येक कवीने सगळ्यांवर लिहावं असं मी म्हणत नाही. पण शीर्षकात 'आयुष्य' असा एकच मोठा शब्द असेल, तर तो किती लोकांना पुरतो हे विचारायला हवं.

मग २४ जून २०२१ आला. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून बेलापूरच्या सिडको भवनाला घेराव होता. आमच्या घरातून वडील गेले, काका गेले, चुलत भावंडं गेली. गुडघे धरलेला आजाही निघाला होता, त्याला कसंबसं थांबवलं. मी घरून काम करत होतो. त्या दिवशी रिलीज होती. रजा मागितली असती तर कदाचित मिळाली असती. मी मागितली नाही. खिडकीतून घोषणा ऐकू आल्या तेव्हा मी कॉलवर माईक म्यूट केला, इतरांना आवाज जाऊ नये म्हणून.

त्या रात्री मी ते गाणं पुन्हा लावलं. सभागृह नव्हतं, हशा नव्हता, शेजारी कुणी काका नव्हते. केळं आणि भेंडी अजिबात विनोदी वाटली नाहीत. दगडाच्या ओळीपाशी मी गाणं थांबवलं. आज्याचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तरही गाण्यातच होतं. हे गाणं त्याच्यासाठी नाही. ते त्याच्या नातवासाठी आहे. ज्या वर्गाच्या आयुष्यावर खरे बोलतात, त्या वर्गात मी एका पिढीत येऊन पोचलो होतो.

म्हणून माझं मत असं की चाहते आणि टीकाकार यांचं भांडण खरं तर गाण्याबद्दल नाही, सभागृहाबद्दल आहे. खरे यांची चांगली रचना अपराध ओळखते. कार्यक्रम त्या अपराधाला माफी देऊन टाकतो. ओळख पटल्याचा आनंद इतका मोठा असतो की काय ओळखलं ते मागे राहतं. आपल्यासारखेच आठशे लोक हसतायत म्हटल्यावर भेंडी असण्यात वाईट काय?

'दमलेल्या बाबाची कहाणी'मध्ये ही माफी सभागृहात नाही, गाण्यातच आहे. बाप उशिरा घरी येतो, वाट पाहून मुलगी झोपलेली असते. हे गाणं ऐकून मोठे पुरुष ढसाढसा रडले आणि त्या रडण्याला मी खोटं म्हणणार नाही. भावना व्यक्त करायला न शिकलेल्या बापांच्या एका पिढीला खरे आणि कुलकर्णी यांनी भाषा दिली. पण या गाण्यातलं दुःख कुणालाही काही विचारत नाही. बाप उशिरा का येतो, त्याला कोण थांबवतं, याला त्यात जागा नाही. त्याच लोकलने परतून कुकर लावणाऱ्या आईच्या दमण्याला इतकं गाजलेलं गाणं मिळालं नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. 'मोर्चा'मधला मी स्वतःला सोडत नाही. 'दमलेला बाबा' स्वतःला जवळ घेतो. दोन्ही एकाच कवीची गाणी आहेत. त्यांची कारकीर्द मला या दोन टोकांमध्ये हेलकावे खाताना दिसते आणि टाळ्यांनी तिला दुसऱ्या टोकाकडे जास्त ओढलं.

याचा दोष एकट्या कवीवर टाकणं मला पटत नाही. छंदावर इतकी पकड असलेला, बोलीतला साधा शब्द अचूक जागी बसवणारा गीतकार माझ्या पिढीला मिळाला, याचं मला मोल आहे. मराठी माध्यमातून येऊन दिवसभर इंग्रजीत कोड आणि ईमेल लिहिणाऱ्या कित्येकांचा कवितेशी उरलेला एकमेव धागा हाच आहे. फक्त तो आवडणाऱ्यांनी एकदा त्यांचा संग्रह उघडून, चाल बाजूला ठेवून, ओळी मनातल्या मनात वाचून पाहाव्यात. आणि न आवडणाऱ्यांनी ती दगडाची ओळ वाचून मग बोलावं.

आजा अजून ओटीवर बसतो. परवा त्याला विचारलं, ते गाणं आठवतं का? म्हणाला, "कंचा? तो नाय गेलेल्याचा?" मी हो म्हटलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "चाल बरी हाय."

मी मोबाईल खिशात ठेवला.