कोडें आणि प्रश्न

हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत, जवळा बाजार या नांवाचें गांव आहे. तेथील एका शाळेनें भरविलेल्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धेस परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांस नुकताच आला. विषय अमेरिकेचा इतिहास हा होता, व प्रश्न एका छापील पुस्तिकेंतून काढलेले होते. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष कोण, अलास्का प्रांत रशियापासून कोणत्या सालीं व किती किंमतीस विकत घेतला, बोस्टनच्या बंदरांत चहाच्या किती पेट्या बुडविल्या, असे ते प्रश्न. वॉशिंग्टन, १८६७, ७२ लक्ष डॉलर, ३४२ पेट्या : मुलांचें एकहि उत्तर चुकलें नाहीं. अखेरीस मुलांनीं परीक्षकांस कांहीं विचारावें अशी टूम निघाली, आणि आठवींतील एक मुलगी उभी राहिली. "सर, सगळीं माणसें समान आहेत असें ज्यांनीं जाहीरनाम्यांत लिहिलें, त्यांच्या घरीं गुलाम होते का?" स्पर्धेच्या नियमाप्रमाणें या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येतें, व तें आम्हीं दिलें : "होते." मुलगी खालीं बसली नाहीं. "मग त्यांनीं तसें कसें लिहिलें?" तेवढ्यांत घंटा झाली आणि आम्ही सुटलों. परंतु तो प्रश्न आमच्याबरोबर घरापर्यंत आला, आणि या लेखास तोच कारण झाला आहे.

अशा पुस्तिकांची थट्टा करणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. कुतूहल हा ज्ञानाचा उंबरठा आहे, आणि चमत्कारिक गोष्ट ऐकून डोळे विस्फारल्याशिवाय कोणतेंहि मूल तो ओलांडीत नाहीं. १८३३ सालीं बोस्टनहून कलकत्त्यास आलेल्या एका जहाजांत काय भरलें होतें? बर्फ! हें उत्तर ऐकून कोणास मौज वाटणार नाहीं? पण पुस्तिका तेथेंच थांबते, आणि खरी मौज त्यापुढें आहे. सुमारें चार महिन्यांच्या प्रवासांत, विषुववृत्त दोनदां ओलांडूनहि, १८० टनांपैकीं सुमारें १०० टन बर्फ कलकत्त्यास उतरलें तें कसें? तळ्यावर फुकट गोठणाऱ्या पाण्याचा व्यापार करण्याची बुद्धि फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या माणसास कां झाली? उष्णतेस अटकाव करणारीं अस्तरें, हिंदुस्थानाकडे येतांना पुरेसा माल न मिळणारीं बोस्टनचीं जहाजें, आणि उकाड्यानें हैराण झालेले कंपनीचे साहेब, या तिहींची गांठ जेथें पडते तेथें इतिहास सुरू होतो. ज्याचें उत्तर मिळालें कीं मन मोकळें होतें तें कोडें. ज्याचें उत्तर मिळाल्यावर मन अधिक गुंततें तो प्रश्न. आमच्या पुस्तिकांत कोडीं उदंड आहेत, प्रश्न जवळजवळ नाहींत.

मराठी वाङ्मयास मात्र ही उणीव मूळची नाहीं. अमेरिकेविषयीं खरे प्रश्न विचारण्याची आपली परंपरा जुनी आहे, आणि तिचे दोन ग्रंथ आमच्या डोळ्यांपुढें आहेत. पहिला जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा १८७३ सालचा ग्रंथ. गुलामांस दास्यांतून मुक्त करण्याच्या कामीं औदार्य व स्वार्थत्याग दाखविल्याबद्दल जोतीरावांनीं तो अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला, हें स्पर्धेच्या पुस्तिकेंत शोभेल असेंच एक चमत्कारिक सत्य आहे. पण ग्रंथाची रचना पाहावी : तो सोळा भागांचा संवाद आहे, आणि धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. धोंडीबाचें एकहि समाधान अखेरचें नसतें. प्रत्येक उत्तर त्यास पुढच्या शंकेकडे नेतें. म्हणजे प्रश्नोत्तरें हाच जो पुस्तिकांचा सांचा, तोच येथेंहि आहे. पण तेथें तो स्मरणशक्तीची परीक्षा घेतो, येथें विवेकाची.

या ग्रंथाच्या नांवांत आणखी एक मर्म आहे. अमेरिकेची राज्यघटना १७८७ सालीं तयार झाली. प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असा हिशेब तिनें धरला. परंतु गुलाम हा शब्द मात्र तिनें कोठेंहि वापरला नाहीं, 'इतर व्यक्ति' असा आडपडदा धरला. गुलामगिरी हा शब्द त्या घटनेंत प्रथम आला तो १८६५ सालच्या तेराव्या दुरुस्तीनें, गुलामगिरी नष्ट करण्यासाठीं. जें नांव घेण्यास एका राष्ट्राच्या घटनाकारांस ८६ वर्षांपूर्वीं संकोच वाटला, तेंच नांव जोतीरावांनीं आपल्या समाजाच्या स्थितीस उघडपणें दिलें व ग्रंथाच्या माथ्यावर छापलें. अमेरिकेच्या इतिहासापासून त्यांनीं जें घेतलें तें हें : रोगाचें नांव घेतल्याशिवाय औषध सुचत नाहीं.

दुसरा ग्रंथ पंडिता रमाबाईंचा 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त', प्रकाशन १८८९. आनंदीबाई जोशी यांस ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभासाठीं रमाबाई इंग्लंडहून तेथें गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत त्या देशांत राहिल्या. प्रवासवृत्त हा शब्द नांवांत असला तरी प्रवास त्यांत थोडाच आहे. राज्यव्यवस्था, गृहस्थिति, शिक्षण, धर्मपंथ, व्यापार आणि विशेषतः स्त्रियांची स्थिति, अशीं प्रकरणें पाडून त्यांनीं एका राष्ट्राची तपासणी केली आहे. राजा नसतां राज्य कसें चालतें? सामान्य बायका मंडळ्या स्थापून कायदा बदलण्याइतकें बळ कोठून आणतात? कुतूहल म्हणून हे प्रश्न कोणीहि विचारील. रमाबाईंनीं ते गरज म्हणून विचारले, कारण त्यांस परत येऊन विधवांसाठीं शारदा सदन काढावयाचें होतें. त्यामुळेंच त्यांच्या आंकड्यांसहि ऊब आहे. अमुक इतक्या शाळा, अमुक इतक्या संस्था, असें त्या लिहितात तेव्हां त्या मनांतल्या मनांत आपल्या देशाचा हिशेब मांडीत आहेत, हें वाचकास कळतें.

तरीहि या दोन्ही ग्रंथांची भलामण करून थांबणें म्हणजे पुस्तिकाकाराचीच चूक करणें होय. जोतीरावांनीं राष्ट्राच्या एका उत्तम कृत्यावरून राष्ट्राची परीक्षा केली. लढाईनंतर दक्षिणेंत मुक्त गुलामांच्या हक्कांस संरक्षण देणारें सैन्य १८७७ सालीं मागें घेण्यांत आलें, आणि पुढें कित्येक दशकें ते हक्क कागदावरच राहिले. हें १८७३ सालीं जोतीरावांस दिसणें शक्य नव्हतें. म्हणून दोष त्यांचा नाहीं, पण अर्पणपत्रिका वाचणाऱ्या आजच्या वाचकानें तेवढेंच वाचून थांबल्यास दोष त्याचा आहे. रमाबाईंस पुष्कळ दिसलें. मूळच्या रहिवाशांवर गोऱ्यांनीं केलेला अन्याय, वर्णद्वेष, स्त्रियांस मताचा हक्क नसणें, यांविषयीं त्यांची लेखणी भीडभाड ठेवीत नाहीं. पण या कठोर वाक्यांचें एकत्र वजन होत नाहीं. प्रगतीच्या लांबलचक मिरवणुकींत तीं विखरून जातात. बोस्टन येथील मंडळीनें त्यांच्या कार्यास दहा वर्षें साहाय्य करण्याचें पत्करलें होतें. त्या कृतज्ञतेनें लेखणीचा हात किंचित् हलका झाला असावा, असें आम्हांस वाटतें. यजमानाच्या घरांतील भेगा पाहुण्यास दिसतात. पण भिंतीचें सौंदर्य सांगून झाल्यावर तो त्यांचा उल्लेख करतो.

असें असूनहि आम्ही हे ग्रंथ पुस्तिकांच्या कितीतरी वर ठेवूं, तें एवढ्यासाठीं कीं त्यांच्या चुकांपासूनहि शिकतां येतें. बरोबर उत्तरांच्या पुस्तिकेंत शिकण्यासारखी चूकच नसते. शिवाय त्यांनीं आरंभिलेली विचारपूस थांबली नाहीं. १९१३ ते १९१६ या काळांत कोलंबिया विद्यापीठांत शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांस पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांपुढील अर्जाची चौकशी केली, तेव्हां धोंडीबाचीच शंका निराळ्या भाषेंत समुद्र ओलांडून गेली.

जवळा बाजारच्या मुलांस अमेरिका दूर वाटण्याचें कारण नाहीं. त्यांच्या मुलुखांतील काळ्या जमिनींत कापूस पिकतो. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू होऊन दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, तेव्हां हिंदुस्थानच्या कापसाचे भाव आकाशास भिडले आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. १८६५ सालीं लढाई संपतांच भाव कोसळले, मुंबईंतील पेढ्या बुडाल्या, आणि दक्षिणेंतील कर्जबाजारी कुणब्यांचा संताप १८७५ सालीं सुपें येथें सावकारांच्या वह्या जाळून बाहेर पडला. त्या दंग्याच्या कारणांत ही कापसाची चढउतारहि मोजली गेली. गुलामानें वेंचलेला कापूस आणि आमच्या कुणब्यानें वेंचलेला कापूस लिव्हरपूलच्या एकाच तराजूंत पडत होता. हें ज्या मुलास कळेल त्यास यादवीचें साल पाठ करावें लागणार नाहीं.

आतां त्या मुलीचें उत्तर. बाळ, जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या जेफर्सननें आयुष्यांत ६०० हून अधिक माणसें गुलाम म्हणून बाळगलीं. त्याच मसुद्यांत त्यानें गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार करणारा मजकूर घातला होता, आणि सभेनें तो काढून टाकला. त्यानें तें वाक्य कसें लिहिलें? आमच्या मतें, जें खरें आहे हें त्यास कळत होतें तें त्यानें लिहिलें, आणि जें सोयीचें होतें तें तो करीत राहिला. पण एकदां लिहिलेलें वाक्य लिहिणाराच्या ताब्यांत राहत नाहीं. ज्यांस त्यानें वगळलें होतें त्यांनींच पुढें तें हातीं धरून आपला हक्क मागितला. आपल्याकडेहि उच्चार आणि आचार यांत असेंच अंतर पडलेलें आहे, तें कोठें कोठें, हें तूं आतां पाहा. घंटा झाली म्हणून हें त्या दिवशीं सांगावयाचें राहिलें. पुढच्या वर्षीं त्या शाळेनें आम्हांस पुन्हां बोलाविलें, तर बक्षीस बरोबर उत्तरास न देतां चांगल्या प्रश्नास द्यावें अशी विनंति आम्ही करणार आहों. आणि बक्षीस म्हणून रमाबाईंचें पुस्तक न्यावें असा विचार आहे.