हक्कांचं एक पान रबिघला चालत नाही

रस्त्यावर फोटो काढणाऱ्या बऱ्याच जणांकडे ते एक पान असतं. ऑरेगनचे वकील बर्ट क्रेजेस यांचं 'द फोटोग्राफर्स राइट'. छापायचं, घडी घालून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवायचं. मुद्दे थोडेच: सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या गोष्टींचा फोटो काढता येतो, का काढला हे सांगायला तुम्ही बांधील नाही, कोर्टाच्या आदेशाशिवाय फिल्म जप्त होत नाही. पान उत्तम आहे. पण ते व्हॉट्सअॅपवरून जगभर फिरायला लागलं की त्यातली 'अमेरिका' गळून पडते.

समजा तुम्ही लंडनला शिकलात आणि पहिली नोकरी लागली किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत. जेद्दाच्या उत्तरेला, रबिघजवळ, तांबड्या समुद्राच्या काठावर. लंडनमध्ये पोलिसाला "कुठल्या कलमाखाली?" असं विचारायची सवय लागलेली असते, आणि ती फुकट मिळालेली नाही. 2003 मध्ये शस्त्रास्त्र प्रदर्शनाबाहेर अडवलेल्या दोघांनी, त्यातली एक पत्रकार होती, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत भांडण नेलं. जानेवारी 2010 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि संशयाशिवाय झडती घेण्याचं ते कलम पुढे रद्द झालं. म्हणजे त्या प्रश्नामागे सात वर्षं आणि एक न्यायालय उभं आहे. तोच प्रश्न रबिघमध्ये विचाराल तेव्हा मागे कोण असतं? तुमचा इकामा, आणि तो ज्याच्या नावावर चालतो तो मालक.

या शहराची गंमत अशी की ते आधी चित्रांतच जन्मलं. 2005 मध्ये घोषणा झाली तेव्हा 20 लाख लोकांचं शहर संगणकावर रंगवून दाखवलं होतं. आज तिथे बंदर आहे, गोल्फ कोर्स आहे, 2018 पासून हरमैन रेल्वेचं कमानींचं देखणं स्टेशन आहे आणि मधे भरपूर मोकळे प्लॉट. कुणाचाही हात कॅमेऱ्याकडे जाईल. स्पर्धेचं थेट प्रक्षेपण होतं, मग मी फोटो काढला तर काय, असं वाटणं साहजिक आहे. पण ते कॅमेरे बोलावलेले असतात.

कायदा नीट वाचला तर तो आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. कॅमेरावाल्या मोबाइलवरची बंदी सौदीत 2004 मध्ये उठली. 2007 च्या सायबर गुन्हे कायद्याने मोबाइलच्या कॅमेऱ्याचा गैरवापर करून कुणाच्या खाजगीपणात घुसणं हा गुन्हा ठरवला: एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रियालपर्यंत दंड. 2019 मध्ये पर्यटक व्हिसा सुरू झाला तेव्हा सार्वजनिक शिष्टाचाराची जी यादी आली, तिच्यात परवानगीशिवाय लोकांचे फोटो काढणंही आहे. इथे त्या अमेरिकन पानाची खरी उणीव दिसते. त्यात फोटो काढणाऱ्याचे हक्क आहेत, ज्याचा फोटो निघतो तो माणूस जवळजवळ नाहीच. उन्हात दमून बसलेल्या कामगाराचा 'भारी फ्रेम' म्हणून फोटो घेताना त्याला विचारलं होतं का, हा प्रश्न पोलिसाने न विचारताही खरा आहे. (मीही विचारत नसे. लाज वाटते.)

आता आपली घरची सवय. फोटोबंदी आपल्याला नवी नाही, लोहगावला विमान उतरताना ती घोषणा ऐकतच आपण मोठे झालो. नवं असतं ते गणवेशाशी ओळख न काढता बोलणं. "साहेब, जाऊ द्या ना," मग कुणाच्या काकांचं नाव, मग खिशाकडे जाणारा हात. सौदीत लाच देऊ करण्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रियालपर्यंत दंड आहे. गार्ड लाहोरचा निघाला, हिंदी-उर्दूत गप्पा रंगल्या, तरी हात खिशाबाहेरच ठेवा.

मग करायचं काय? कॅमेरा खाली. समोरचा पोलीस आहे की खाजगी सुरक्षारक्षक, ते शांतपणे विचारा. वसाहतीत आणि बंदराजवळ बहुधा आधी रक्षकच येतो. इकामा दाखवा. का काढला ते एका वाक्यात सांगा. 'सांगायला बांधील नाही' हे वाक्य इथे संशय वाढवतं. फोटो पुसायला सांगितलं तर त्यांच्यासमोर पुसा, पण सांगायच्या आत घाईने पुसू नका, पुरावा लपवल्यासारखं दिसतं. संभाषण गुपचूप रेकॉर्ड करू नका. न समजणाऱ्या अरबी कागदावर सही करण्याआधी दुभाषी मागा.

याला कुणी शरणागती म्हणेल. म्हणू दे. लंडनमधला हट्ट पुढच्या माणसाच्या कामी आला. इथे एकट्याने केलेला हट्ट बहुतेक वेळा परतीच्या तिकिटावर संपतो.

एक हक्क मात्र इथेही चालतो. ताब्यात घेतलंच तर 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या वकिलातीला कळवायला सांगता येतं, आणि सौदी त्या करारात आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर जेद्दातला भारतीय वाणिज्य दूतावास. पासपोर्ट ब्रिटिश असेल, तर आडनाव कुलकर्णी असलं तरी ब्रिटिशच. तो नंबर फोनमध्ये नको, कागदावर लिहून ठेवा, कारण फोन आधी जातो.

आणि सुटून आलात की त्या रात्री इन्स्टाग्रामवर चिडून काही लिहू नका. सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा आणणारा मजकूर म्हणून त्याच सायबर कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. फोटोच्या पाचपट.